चार मुठींचा मसाला

मालन वहिनीनं तो पुडा मसाला कांडायच्या डंकाच्या चौथऱ्यावर असा आपटला की उडालेल्या मिरचीच्या धुरळ्यानं आम्हा चौघींनाही एकदम ठसका लागला.

"बघ," खोकता खोकताच ती मला म्हणाली. "डोळं भरून बघ. वळखीचा वाटतोय का?"

लाल पुडा होता. वर नथ घातलेली एक बाई, खाली ठसठशीत अक्षरांत ‘मानकरीण कांदा-लसूण मसाला’. मी हात पुढे केला तशी तिनं तो झटक्यात मागं ओढला.

"हात लावायचा न्हाई. पुरावा हाय ह्यो."

"कशाचा पुरावा?"

"काल बाजारातनं आणला, सांजच्याला आमटीत टाकला. पहिल्या घासाला हात थांबला माझा. वैजू, ह्यात माझी मूठ हाय. माझा कांदा, माझा लसूण, जसाच्या तसा. पोटच्या पोराला आई वळखत न्हाई व्हय?"

मी पारूआक्काकडे पाहिलं. आक्का म्हणजे आमच्या गटाची मूळपुरुष, सत्तरी ओलांडलेली. ती छपराचे वासे मोजल्यासारखी वर बघत होती. खातूनभाभी खाली बसून मिरचीची देठं खुडत होती. त्या मिरच्यांना आधीच देठं नव्हती.

"ह्या दोघींनाबी सकाळी चिमूट चिमूट चाखाय दिलाय," मालन वहिनी म्हणाली. "इचार त्यास्नी."

"आपल्यावानीच हाय जरासा," आक्का वाशांना म्हणाली.

भाभीनं नुसती मान हलवली.

"मग मला सांग," मालन वहिनीनं माझ्या पायाखालच्या जमिनीकडे बोट केलं, "चारी मुठी रातभर एका जागी कुठं असत्यात? हितं. तुझ्या छपरात. आन् तुझा नवरा टेम्पो कुणाचा हाकतोय? सांगलीच्या मसालेवाल्याचा. आता ह्याच्या म्होरं म्या काय बोलायचं?"

बोलायचं तिनं काहीच बाकी ठेवलं नव्हतं. मालन वहिनीचं तोंड म्हणजे फुटका डंक. आत काय पडलं की बाहेर आलंच. गावात कुणाकडे काय शिजलं, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं तिच्या तोंडून चार घरं फिरायचं. म्हणून मी पहिल्या धक्क्यातून सावरल्याबरोबर मनात म्हणाले, चोर तर तूच असशील बये, आणि उलट मलाच बोंब मारून दाखवतेस.

आमची रीत ठाऊक नसलेल्याला हे भांडण कळायचं नाही, म्हणून आधी ती सांगते.

आमचा मसाला कुणा एका बाईला पूर्ण येत नव्हता. आक्कानं गट काढला तेव्हाच तिनं ही मेख मारून ठेवली होती. मिरच्या आक्काच्या: कुठल्या घ्यायच्या, किती, तेलात कितपत परतायच्या, हे तिलाच ठाऊक. खडा मसाला खातूनभाभीचा. कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर मालन वहिनीची. आणि धने, जिरे, तीळ, खोबरं माझ्या सासूचं. ज्या त्या बाईनं आपल्या घरी, दार लावून भाजायचं, झाकणाच्या डब्यात भरायचं आणि कांडपाच्या आदल्या दिवशी आमच्या छपरात आणून ठेवायचं. कारण डंक आमच्याकडे होता. सकाळी चारही डबे एकदम डंकात. कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्या त्या वाट्याला आम्ही मूठ म्हणायचो आणि मसाल्याचं नावही तेच होतं, मूठ मसाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आक्का येता-जाता म्हणायची. एखादीला कुणी फोडलीच, तरी हाती लागणार पाव मसाला. पाव मसाल्यात साधी आमटीसुद्धा होत नाही.

सासूनं मरणाच्या आधी मला जवळ बोलावलं, पोटच्या मुलाला खोलीबाहेर जायला सांगितलं आणि तिची मूठ माझ्या कानात सांगितली. आवाज इतका बारीक झाला होता की मला दोनदा विचारावं लागलं. तेव्हा आम्ही साऱ्याच घाबरलो होतो. म्हातारी आणखी दोन दिवस आधी गेली असती, तर मूठ मसाला तिच्याबरोबर सरणावर गेला असता.

त्या भीतीचं बोट धरूनच शेखर सर आमच्यात आला. जिल्ह्याला बायकांच्या गटांचा एक महासंघ होता, त्यांचा माणूस. पांढराशुभ्र शर्ट, बोलताना खटक्याच्या पेनाची टकटक. त्यानं आम्हाला पंचायतीच्या जुन्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, "तुमची पद्धत चोरापासून वाचवते, पण मरणापासून नाही वाचवत. एक मूठ गेली की मसाला गेला. चारही मुठी एका जागी नोंदलेल्या पाहिजेत. कॉम्प्युटर कधी मरत नाही, आजारी पडत नाही, आणि पासवर्ड असल्याशिवाय तोंड उघडत नाही."

बोलणं खोटं नव्हतं. सासूची आठवण ताजी होती. मालन वहिनी तर लगेच म्हणाली, "बरोबर हाय सरांचं. आपुन काय अमरपट्टा घिऊन आलोय व्हय?"

"आन् त्यो कुणाम्होरं बोलला म्हंजी?" आक्कानं विचारलं.

"त्याला कुटं पोट हाय आक्का, खायाला?" मालन वहिनी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

कॉम्प्युटर आला. आक्कानं त्याला कुंकवाचं बोट लावलं, भाभीनं क्रोशाचं झाकण विणलं. आक्काची एकच अट होती. आत जायच्या आधी दारातल्या बरणीत हात घालून मिठाची शपथ घ्यायची, की खरं तेच सांगीन. मग एकेकीनं आत जायचं, दार लावायचं आणि सरला आपली मूठ सांगायची. माझं बाळ तेव्हा अंगावर पीत होतं. जेवून उठले होते, तोंडात बाळंतशेप चघळत होते. मिठात हात घातला, आत गेले, सरनं टकाटका टाइप केलं, मी बाहेर आले. त्याला वर्ष होत आलं होतं.

आणि आता हा लाल पुडा.

"गुरुवारी सर येणार हाईत," मालन वहिनी म्हणाली. "त्यांच्याम्होरं सोक्षमोक्ष. डंक हितनं हलवायचा आन् हिची मूठ काढून घ्यायची. तवर कांडप बंद."

ती तरातरा निघून गेली. तिच्यामागून आक्का आणि भाभीही उठल्या. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. 

मूठ काढून घ्यायची म्हणजे मला गटातून घालवायचं. घर त्या मसाल्यावर चालत होतंच, पण त्याहून मोठं भय दुसरं होतं. खाल्ल्या मिठाला उलटलेली बाई, असं एकदा आमच्या गावात कुणाला म्हटलं की ते नाव जन्मात पुसत नाही. माझ्या लेकराला त्याच गावात शाळेत जायचं होतं. आणि सासू! जिनं पोटच्या मुलाला बाहेर घालवून माझ्यावर विश्वास टाकला, तिची मूठ मी विकली म्हणून माझं नाव निघणार. मला रडू नाही आलं, संताप आला. चोर शोधायचा, मग तो कुणीही असो, असं मी ठरवलं.

संशय ढेकणासारखा असतो. एक दिसला की आख्खी गादी उसवावी लागते. आधी मालन वहिनीची गादी उसवून झाली, मग मला त्या दोघींचं गप्प राहणं खुपायला लागलं. तीस वर्षं मसाला कांडणाऱ्या बायका, चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला की कुठल्या पेठेतली मिरची ते सांगणाऱ्या. आणि ‘आपल्यावानीच हाय जरासा’? जरासा म्हणजे काय?

मी भाभीकडे गेले. ती सुपात लवंगा पाखडत बसली होती. मला बघताच तिनं सुपावर पदर टाकला.

"भाभी, खरं सांगा. त्यो मसाला आपलाच हाय?"

"मालन म्हणती तर आसंल."

"तुमी चाखला न्हवं?"

"मला पडसं झालंय गं. वास कुटं कळतोय?"

पडसं झालेल्या बाईचं इतकं कोरडं नाक मी कधी पाहिलं नव्हतं. मी मुद्दाम बसून राहिले. तिनं चहा विचारला नाही, बाळाची चौकशी केली नाही. शेवटी म्हणाली, "वैजू, माज्याकडं आसं बगू नकोस. म्या काय बी केल्यालं न्हाई." मी तर तसं काही म्हटलंच नव्हतं.

आक्काच्या दारात गेले तर आक्का भर दुपारी घोंगडं पांघरून झोपलेली. जन्मात कधी दुपारी पाठ न टेकलेली बाई! सून म्हणाली, "अंग मोडून आलंय म्हणत्यात." घोंगड्याखालून एक डोळा माझ्याकडे बघत होता. मी बघितलं हे कळताच तो मिटला.

परत येताना माझ्या डोक्यात नुसतं भणभणत होतं. मालन चोर, भाभी चोर, आक्काही चोर. ज्या आक्कानं माझ्या लग्नात माझी ओटी भरली, तिच्या घोंगड्याखाली मी चोर शोधत होते. घरी आले तर मालक जेवायला बसलेले. त्यांनी काही विचारायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, त्या डब्यांना कधी हातबित लावला न्हाईसा न्हवं?"

त्यांचा घास हातातच राहिला.

"आईनं मरताना मला खोलीभाईर घालवलं," ते म्हणाले. "पोटच्या पोराला. तवा म्या काय बोललो न्हाई. म्हटलं, बायकांचं असतंय काय तरी. आता तूबी भाईर घालव."

ताट तसंच सोडून ते उठले. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला आले तेव्हा त्यांच्या हातात लाल पुडा होता. तो त्यांनी चुलीपुढे ठेवला.

"कुणाच्या बी नावानं बोंब मारण्यापरास सोता चाखून बघ. तुला तर कुणी अजून चाखायबी दिला न्हाई."

खरंच की! चोर ठरवलेल्या बाईला चोरीचा माल कुणी दाखवलाच नव्हता. मी पुडा फोडला. आधी नुसता तिखटाचा भपकारा आला. मग ओळखीचा कांदा-लसूण, मालन वहिनीचाच. उन्हात पुरता न वाळवता जरा ओलसर असतानाच तळलेला. तिचं म्हणणं खरं होतं. म्हणून बाकीचं पारखायला मी कढईत तेल टाकलं आणि चमचाभर मसाला फोडणीला घातला. मसाला खरं बोलतो तो तेलातच.

मालक सोप्यात खाटेवर पडले होते. त्यांनी तिथून हाक दिली, "शेजारी कुणाकडं बाळंतीण हाय गं?"

माझा हात कढईवरच थबकला. धूर वर चढला होता आणि त्या धुरात चक्क बाळंतिणीच्या खोलीचा वास होता. शेगडी, ओवा, शेक, आणि बाळंतशेप.

 

बाळंतशेप मसाल्यात कुणीही घालत नाही. आमच्याकडेच काय, कुठेच घालत नाहीत. ज्यानं आयुष्यात एकदा चुलीपुढे बसून फोडणी दिली आहे त्याच्या हातून ही चूक व्हायची नाही. ती करणारा माणूस कागदात लिहिलंय म्हणून घालणाराच हवा. आणि ती बाळंतशेप जगात एकाच जागी लिहिलेली होती, कारण ती मीच तिथे घातली होती.

माझ्या मुठीत होते कारळे. भाजलेले कारळे, आमच्या मसाल्याच्या रंगाला जो काळपट उतार येतो तो त्यांचा. सासूनं दोनदा सांगितलं होतं ते हेच. त्या दिवशी मी मिठात हात घालून आत बसले, धने सांगितले, जिरे सांगितले, तीळ-खोबरं सांगितलं आणि सरनं मान वर न करता विचारलं, "आणखी?" जीभ कारळ्यापाशी आली आणि अडली. ज्या गोष्टीसाठी सासूनं मुलाला बाहेर घालवलं, ती या पेन टकटकवणाऱ्या परक्या माणसाला सांगायची? तोंडात बाळंतशेप होती. म्हटलं, "वाटीभर बाळंतशेप." त्यानं निमूट लिहून घेतलं. मला त्याचं वाईट तेव्हाही वाटलं नव्हतं.

म्हणजे चोरी छपरातून झाली नव्हती. छपरातल्या डब्यात कारळे होते. चोरी झाली होती त्या खोलीतून, क्रोशाच्या झाकणाखालून.

सुटले असं वाटलं, आणि लगेच कळलं की कुठली सुटते! हे सांगायचं म्हणजे मिठावर हात ठेवून खोटं बोलले हे तिघींपुढे कबूल करायचं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. चोर नाही म्हणून सुटायचं आणि लबाड म्हणून अडकायचं.

"काय झालं?" मालक आत येऊन म्हणाले.

"काय न्हाई," मी म्हटलं. "तुमी जेवा. आन् मला माफ करा."

गुरुवारी दुपारी पंचायतीच्या खोलीत आम्ही बसलो. सर खुर्चीवर, आम्ही सतरंजीवर, कॉम्प्युटर आपल्या झाकणाखाली. मालन वहिनीनं पुडा मध्यभागी ठेवला आणि तिचं म्हणणं सांगितलं. बोलताना तिचा आवाज चढत होता, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यात रडंही ऐकू आलं.

सर शांतपणे म्हणाला, "मला याचंच भय होतं. मुठी घरोघरी ठेवायच्या, डबे कुणाच्या तरी छपरात ठेवायचे, मग चोरी होणारच. माझं ऐका. आता भाजणं, कांडप, सगळंच महासंघाच्या शेडमध्ये नेऊ. आणि वैजयंताताई, तुम्ही स्वतःहून बाजूला झालात तर कुणी पोलिसात वगैरे जाणार नाही."

किती गोड आवाज होता! माझ्या अंगाची लाही झाली.

"सर, ह्या पुड्यात बाळंतशेप हाय," मी म्हणाले.

"असेल. मग?"

"माज्या डब्यात बाळंतशेप कदीच न्हवती. आतापतुर कुणाच्याच न्हवती. म्या ती फकस्त एका जागी सांगितली. तुमच्या ह्या डबड्याला."

पेनाची टकटक थांबली. मग तो मालन वहिनीकडे वळून हसला. "ऐकलंत? ताई स्वतःच सांगतायत. मिठावर हात ठेवून खोटं बोलल्या. अशा बाईच्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवणार?"

मालन वहिनी माझ्याकडे डोळे फाडून बघत राहिली. मी मनात म्हटलं, संपलं. मीच माझ्या हातानं संपवलं.

तेवढ्यात आक्काचा खाकरल्याचा आवाज आला.

"भाभी," ती सावकाश म्हणाली, "त्यात रामपत्री हाय न्हवं गं?"

भाभीनं पदर तोंडाला लावला. "हाय. म्याच सांगितली, जायपत्रीच्या जागी."

"आन् म्या ब्याडगीच्या जागी लवंगी मिरची सांगितली," आक्का म्हणाली. "म्हणून तर त्यो खाऊन लोकांच्या कानातनं धूर निगतोय."

मी आक्काकडे बघतच राहिले. म्हणजे पहिल्या चिमटीलाच दोघींना कळलं होतं! आपापलं खोटं त्यांच्या जिभेवर आलं होतं आणि तरी एक वाशांकडे बघत होती, दुसरी देठं नसलेल्या मिरच्या खुडत होती.

"आक्का, तुमाला ठावं हुतं," मी म्हणाले. "तरी मला चोर ठरू दिलंसा?"

"व्हय," आक्का म्हणाली. "मिठाची अट म्याच घातल्याली. कुटल्या तोंडानं सांगू? तू बोललीस म्हणून माझं त्वांड उघडलं. मला पायतान मार, पण खरं हाय ते हाय."

मग ती सरकडे वळली. "सर, ह्या डबड्याची किल्ली कुणाकडं?"

"पासवर्ड माझ्याकडे आहे, पण तसं म्हटलं तर ऑफिसातही... मला बघावं लागेल. तुम्ही रागाच्या भरात काही..." त्यानं पेन खिशात घातलं, काढलं, परत घातलं. बॅग उचलली. "मी ऑफिसला फोन करून येतो," म्हणून गेला तो गेलाच. त्या लाल पुड्याच्या कारखान्यात त्याच्या मेहुण्याची भागीदारी होती, हे पुढे कळलं.

तो गेल्यावर आधी भाभी हसली. मग आक्का. मग मीसुद्धा. बाळंतशेप, रामपत्री आणि लवंगी मिरची! बिचाऱ्यांनी तीन बायकांच्या थापा भाजून, कुटून, नथवाल्या बाईच्या चित्रात भरून विकायला काढल्या होत्या. आम्हाला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं.

मालन वहिनी हसत नव्हती. 

"वैनी, तुमी काय सांगितल्यालं?" मी हसतच विचारलं. "कांद्याच्या जागी मुळा?"

"खरं," ती म्हणाली.

आमचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"म्या मिठात हात घातला हुता," ती म्हणाली. "मला वाटलं, समद्यांनीच घातलाय."

इतकी वर्षं जिच्या तोंडाला आम्ही भीत होतो, जिच्यापुढे गोष्ट काढताना इकडेतिकडे बघत होतो, ती एकटीच खरं बोलली होती. त्या पुड्यात चोरीचं असं एकच होतं, तिची मूठ. बाकी सगळं आमचं खोटं होतं.

"म्हणून मला पैल्या घासाला कळालं," ती म्हणाली. "तुमाला कसं कळंल? तुमची कुटं चोरी झालीय?" ती उठली. "आजपास्नं माझी मूठ नगं तुमाला. बाजारात मिळतीया."

ती गेली. आक्का म्हणाली, "जाऊ दे, राग निवल." पण मला बसवेना. मी तिच्या मागोमाग गेले.

मालन वहिनीच्या अंगणात चटईवर कांद्याचे काप वाळत घातले होते. ती वाकून ते गोळा करत होती, अर्धेकच्चे, ओले, कसेही टोपलीत फेकत होती. मी आले तरी तिनं मान वर केली नाही.

"वैनी, माजी चूक झाली म्हणाय आल्ये न्हाई," मी म्हणाले. "त्या मानसाला मी परत बी खोटंच सांगीन. पण तुमच्यावर संशेव घेतला, त्येचं वाईट वाटतंय."

"म्या बी तुज्यावर घेतला. फिटंफाट झाली. जा आता."

मी चटईवर तिच्याशेजारी बसले आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. माझी मूठ सांगितली. धने किती, जिरे किती, तीळ कुठवर भाजायचे, आणि कारळे. सासूनं मला सांगितली होती तशीच, बारीक आवाजात. ती मागं सरकली.

"मला कशाला सांगतीस? माज्या त्वांडात तीळ भिजत न्हाई म्हणून गावभर सांगत आसतीस न्हवं तूच?"

"सांगते. पण खोटं बी राहत न्हाई तुमच्या पोटात. तुमची मूठ गेली वैनी. माजी ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ."

तिच्या हातातला कांदा तसाच राहिला. डोळे भरून आले होते, आणि त्याला कांदा कारण नव्हता.

कुंपणाशी काठीचा आवाज आला. आक्का आली होती, तिच्यामागं भाभी. आक्कानं आमच्याकडे पाहिलं, काय चाललंय ते ओळखलं आणि मला म्हणाली, "वैजू, तू जरा लांब हो." भाभीलाही तिनं काठीनंच मागं सारलं. मग मालन वहिनीच्या कानाशी बराच वेळ बोलली. ती उठल्यावर भाभी म्हणाली, "आक्का, आता तुमी लांब व्हा." एवढं रामायण होऊनही आमचा एकमेकींवर विश्वास नव्हताच. जो होता तो सगळा त्या चटईवर बसला होता.

भाभी बोलून उठली. संध्याकाळचं ऊन अंगणातून निघालं होतं. मालन वहिनी चौघींचा मसाला पोटात घेऊन, ओल्या कांद्याची टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

"आता हिला काय झालं म्हंजी?" आक्का हळूच म्हणाली.

"हिला जपायचं," भाभी म्हणाली.

मालन वहिनीनं पदरानं डोळे पुसले. मग आम्हा तिघींकडे एकेक करून बघितलं.

"बरं केलंसा," ती म्हणाली. "आता फुडं कदी मसाला फुटला, तर कुणाच्या दारात जायचं ते तरी ठरलं."